खड्ड्यातली गोधडी

“मालन, ही गोधडी कुठून आणलीस?”

सोनूबाईचा आवाज इतका चिरका निघाला की ओटीवर बसलेली मालन दचकली. तिच्या मांडीवर सहा महिन्यांची उल्का गोधडीत गुरफटून झोपली होती. हिरव्या लुगड्याचे तुकडे, मधोमध लाल चौकोन. पाच दिवसांपूर्वी सोनूबाईने ती स्वतःच्या हाताने इस्पितळामागच्या खड्ड्यात टाकली होती.

“ह्यांनी आणलीनी. कुनी टाकलेली हुती म्हनं. चांगली हाय की! दोन दिस उनात घातली नि मग घेतली.”

“सोड ती! पोर बाहेर काढ आधी!”

सोनूबाईने गोधडी हिसकावली. उल्का किंचाळून रडू लागली.

सोनूबाई चौदा वर्षं देवीच्या रोग्यांच्या खोलीत आया होती. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, चेहरा वणांनी भरला होता. एकदा आलेल्या देवी पुन्हा येत नाहीत, म्हणूनच तिला ही नोकरी मिळाली. रोग्याचं प्रत्येक कापड फिनेलात बुडवायचं आणि उभं राहून जाळायचं, हा डॉक्टर सबनिसांचा नियम. त्या दिवशी रॉकेल संपलं होतं. सकाळपासून तीन नवे रोगी आले होते, तिचे पाय मोडून आले होते. उद्या जाळायचंच आहे म्हणून तिने फिनेलचीही बादली केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर गोधडी नव्हती. कुत्र्याने ओढून नेली असेल, अशी मनाची समजूत घालून तिने उरलेलं जाळलं आणि गप्प बसली.

आता गोधडी बगलेत मारून ती मायलेकींना घेऊन जवळजवळ पळतच इस्पितळात आली. डॉक्टरांनी उल्काला लस टोचली, मालनलाही टोचली, मालनच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. मग सोनूबाईचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “पाच दिवस बोलला नाहीत?”

“नाय.”

मालन तिच्याकडे बघतच राहिली. शेजारची बाई. उल्काला पहिल्या दिवशी हिनेच न्हाऊ घातलं होतं.

“तुला ठाऊक हुतं, मावशे? अगो, वाडीत नुसती वरडली असतीस तरी ती मी घरात घेतली नसती.”



चार दिवसांनी उल्काला ताप भरला. मग पुरळ उठलं, तोंडावर, तळहातांवर, टाळूवर. डॉक्टर म्हणाले, लस उशिरा पडली. मालनला लहानपणी टोचलेलं होतं आणि आता पुन्हा टोचलं होतं, म्हणून तिला खोलीत राहू दिलं. सोनूबाईने “मला काढून टाका” म्हणून डॉक्टरांचे पाय धरले होते. पण त्या खोलीत पाऊल टाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

नऊ दिवस दोघी एका पोरीभोवती वावरल्या. एक कापसाच्या बोळ्याने उकळलेलं पाणी चोखवायची, दुसरी माश्या वारायची. बोलणं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी मालनच्या लक्षात आलं की आपण मघापासून उगाचच वारा घालतो आहोत.

उल्काला पुरून आल्यावर मालन घरी गेली नाही. इस्पितळामागे आली. सोनूबाई दुपटी, चादर, बोळे फिनेलातून काढून खड्ड्यात ठेवत होती. मालनच्या मुठीत टोपडं होतं. ते मागायचा धीर सोनूबाईला होईना.

“ह्ये पन?” मालनने विचारलं.

सोनूबाईने होकारार्थी मान हलवली.

मालनने टोपड्याचे बंद सोडले. कोपरापर्यंत हात घालून ते बादलीत बुडवलं, पिळलं, आणि खड्ड्यात वाकून चादरीवर नीट पसरून ठेवलं. सोनूबाईने रॉकेल ओतलं. तिची पहिली काडी मोडली. दुसरीही मोडली.

मालनने तिच्या हातातून काडेपेटी घेतली.