पारीची लांबी

मालगुजारी संपली, मालगुजारांनी बांधलेले झाडीपट्टीतले तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या देखरेखीसाठी सिंदेवाहीहून नागभीडकडे सायकलने बारमाही जाता येईल असा मार्ग आखण्याचे काम खुशाल ओवरसियरकडे आले. मुरमाची सरळ सडक होतीच. पण तलाव काही सडकेला विचारून बांधलेले नव्हते. ते आत होते, भाताच्या खाचरांच्या उतारावर, वरच्याचे पाणी खालच्यात उतरावे अशा बेताने बसवलेले. त्यांच्या मातीच्या बांधांना इकडे पार म्हणतात. पार माथ्यावर रुंद, सपाट, मोहाच्या झाडांच्या सावलीची. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला कापलेल्या धानाच्या खुंटांतून वर आलेली हिरवी लाखोळी, आणि मधून सायकल फारसे पायडल न मारताही चालत राहायची. एका तलावाच्या सांडव्यापाशी उतरावे, ओली वाळू ओलांडावी, की पुढच्या तलावाची पार समोर असे.

मोजणीची पद्धत त्याने साधी ठेवली होती. पुढच्या चाकाच्या तारेला तांबडी चिंधी बांधायची आणि ती वर आली की मनात एक धरायचा. नागपूरच्या तंत्रशाळेत तो साखळीची मोजणी शिकला होता. पण पहिल्या आराखड्याला चिंधी पुरेशी होती. दिवाळीनंतरच्या थंडीत बाकीच्या साऱ्या पारी मोजून झाल्या. राहिली ती एकट्या मेंढाळा गावच्या तलावाची.

मेंढाळ्याची पार मध्यावर वळण घेई आणि वळणाखाली कुंताचे शेत होते. तिथे खुशालचा आकडा हमखास चुके. पुढे सांडव्यावर पोचला की मोजणीचा मजूर, म्हणजे खलाशी, सुकलू वही उघडून बसलेला असायचा.

"जमलं काय, सायेब?"

"चिंधी सैल झाली, सुकलू. परत यावं लागन."

"चिंधी मी बांधतो, सायेब. ते सैल होत नाई." सुकलूने विडी कानामागे खोचली. "बाकीच्या पारी एका खेपेत मोजल्या. ही एकच पार दर खेपेले लांबते काय?"

खुशाल चिंधीची गाठ चाचपू लागे.

कुंताची बोलणी एकेकाळी खुशालसाठीच निघाली होती. त्याने निरोप धाडला होता की आधी परीक्षा, मग लग्न. कामाला क्रम असावा, हा त्याचा स्वभावच. तिच्या माणसांनी क्रमाची वाट पाहिली नाही. मेंढाळ्याच्या एका चांगल्या घरी तिला दिली. नवरा तापाने गेला त्याला आता दोन वर्षे होत होती. ती सासूजवळ, गुणाबाईजवळ राहिली. त्यांच्या जातीत पाटाची रीत होती, विधवेचा संसार दुसऱ्यांदा मांडता येत होता, आणि हे खुशालला ठाऊक होते. म्हणून तर तो यंदा पुन्हा क्रम लावत होता: मार्ग मंजूर होईल, मग इथेच नेमणूक मिळेल, राहायला क्वार्टर मिळेल, आणि मग तो गुणाबाईच्या ओसरीवर रीतीने जाऊन बसेल. तोवर त्याला वळणावरून जाता येत होते. ती कधी तुरीच्या शेंगा तोडत असे, कधी पाटाचे पाणी वळवत असे. मान वर करून पाही, पुन्हा कामाला लागे. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघत असे.

पौषातल्या एका सकाळी तो वळणावर आला, तर गुणाबाई पारीच्या पायथ्याशी लाखोळीची भाजी खुडत बसली होती. कुंता तिच्यापलीकडे होती.

"अगा बापू, थांब जरासा."

खुशालने ब्रेक दाबला. एक पाय पारीवर टेकला. आकडा जिभेवर तसाच थांबला.

"झाली काय पार मोजून?"

"नाई झाली अजून, बाई."

"दिवाळीपासून मोजून राह्यला. मालगुजारानं बांधाले एवढा वेळ लावला नसन."

कुंताने पदर तोंडाशी धरला.

"खरं सांग," म्हातारी म्हणाली, "पार मोजाले येतं का पोरीले पाहाले येतं?"

खुशालचे कान तापले. कितीतरी दिवस जुळवून ठेवलेले वाक्य त्याने बाहेर काढले. "बाई, मी बोलणारच होतो. हा मार्ग मंजूर झाला का मले इथीच नेमणूक भेटते. क्वार्टर भेटते. मंग रीतीनं—"

"मंजूर कोण करते?"

"चांद्याचे मोठे सायेब."

"मंग कुंताले काय चांद्याचा सायेब देणार हाये?"

ती स्वतःच हसली, पण ते हसू टिकले नाही. खुडलेली भाजी तिने पदराच्या ओट्यात सारखी केली. "धानोऱ्याकडचे लोक आले होते आयतवारी. बायको गेलेला माणूस हाये, जमीन हाये, दोन लेकरं हायेत. मी तुही वाट पाह्यली, बापू. माहा लेक गेल्यावर हे पोर माह्यापाशी राह्यली. मी मेल्यावर तिले कोण हाये? मी हो मनलं."

"त्या लोकायनं रस्ता नाई मोजला," कुंता म्हणाली. "बंडी जुपली अन आले."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. वारा कोणीकडचा आहे हे सांगावे तशी ती बोलली.

"अन तुले चालते?" खुशालने विचारले.

"मले आज विचारता?"

गुणाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि भाजीचा ओटा सावरत शेतातल्या झोपडीकडे गेली. गेली ती सावकाश, वळून न पाहता.

पाण्यावर बदकांचा थवा बसला होता. कुंताची नजर त्या थव्यावर होती.

"हा रस्ता जाते कुठवर?"

हे मात्र त्याला सांगता येत होते. तो सांगू लागला. इथून सांडवा, सांडव्याखाली ऐनाची झाडे. मग शिंगाड्यांचा तलाव. तिथे पार इतकी गुळगुळीत की हात सोडले तरी सायकल चालते. मग धीवरांची वस्ती, जाळी वाळत घातलेली. मग कमळांचा तलाव, त्यापुढे तळोधी. तळोधीनंतर डोंगर दिसू लागतो आणि पाणी त्याच्या सावलीने काळे दिसते. तिथे सकाळीच पोचावे.

ती प्रत्येक ठिकाणी मान हलवत होती. जणू बरोबरच चालली होती.

"धानोऱ्याले नाई जात?"

"मधात वैनगंगा आडवी हाये. पूल नाई."

"डोंग्यात सायकल चढते काय?"

"चढते," तो म्हणाला. "धरून बसावं लागते."

कुंताने विळा उचलला. "निंगा आता. सुकलूभाऊ वाट पाहून राह्यले असन."

त्याने पाय पायडलवर ठेवला. आकडा अजून जिभेवरच होता. चिंधी वर आली, त्याने पुढचा एक धरला. वळण मागे पडले. त्याने मान वळवली नाही. मोहाच्या सावल्या चाकाखालून जात राहिल्या आणि आकडा कुठेही न अडखळता वाढत गेला.

सांडव्यावर सुकलूने वही उघडली. "जमलं काय, सायेब?"

"जमलं."

सुकलूने चमकून वर पाहिले. खुशालने सांगितलेला आकडा त्याने लिहिला, शेजारच्या पारींच्या आकड्यांशी ताडला आणि पेन्सिल कानामागे लावली.

"एवढीच होती काय पार?"

"एवढीच होती," खुशाल म्हणाला, आणि चाकाची चिंधी सोडायला खाली वाकला.