चिमणाबाई हयात असल्याबाबत

“मयत व्यक्तीचं नाव?”

“चिमणाबाई इंगवले.”

“तुमचं त्यांच्याशी नातं?”

“नातं कसलं पोरी? मीच की ती.”

महाविद्यालयातून प्रश्न घेऊन आलेल्या वर्षाराणीचा पेन कागदावरच थांबला. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी पायरीखालीच उभा होतो, वर यायला धजत नव्हतो. कारण तीन वर्षांपूर्वी ह्याच बाईंच्या निधनाची वार्ता मंगळवार पेठेतील आमच्या तालमीच्या फळ्यावर मी स्वहस्ते लिहिली होती.

मी पिराजी, पेठेजवळच्या एका महाविद्यालयात शिपाई. शिक्षण आठवीपर्यंत झाले, परंतु अक्षर वळणदार असल्याने फळ्याचे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे आहे. कोणी वारले की घरचे चिठ्ठी आणून देतात. मी नाव, वय, गल्ली आणि रक्षाविसर्जनाची वेळ खडूने लिहितो. दुसरे कोणी गेले की जुने नाव ओल्या फडक्याने पुसतो. वर्तमानपत्रातील बातमीवर पेठ शंका घेईल, फळ्यावर घेणार नाही.

आमच्याकडे समाजशास्त्र शिकवणारे जिनेंद्र मगदूम सर दर मंगळवारी आपला वर्ग ह्या फळ्यासमोर आणून उभा करीत. “आजची ताजी बातमी आहे, वाचा,” असे ते म्हणत. मुले वाचीत. मग सर विचारीत, “पुरुष स्वतःच्या नावाने गेला. बाई कोणाच्या नावाने गेली?” मुले पुन्हा पाहत. बाईच्या जागी बहुधा ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढेच असे. मी हजारो नावे लिहिली, पण हे मला कधी दिसले नव्हते.

चिठ्ठ्या मी तारेला टोचून ठेवतो, हे कळल्यावर सरांनी मागील तीन वर्षांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. घरातले माणूस गेल्यावर पाणी कोण भरते, ताट कोणाचे आधी वाढतात, रिकाम्या जागेवर कोण झोपते, असे प्रश्न घेऊन मुले त्या त्या घरी जाऊ लागली. चिमणाबाईंची चिठ्ठी वर्षाराणीच्या वाट्याला आली. मी तिच्यासोबत तिसऱ्या गल्लीत गेलो, तो दार कोणी उघडू नये अशी मनोमन प्रार्थना करीतच.

कारण मी त्या बाईंना पाहिले होते. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी त्या दिवेलागणीला पिठाचा डबा घेऊन भिंतीच्या कडेने चालल्या होत्या. दुसऱ्या वेळी माझ्या समोरून आल्या आणि थांबल्या. दोन्ही वेळा मी मान खाली घातली व कोणापाशी अवाक्षर काढले नाही. मनुष्याला एखादी गोष्ट एकट्यालाच दिसत असेल, तर ती न बोलणेच तो शहाणपणाचे समजतो.

“आत तर या,” चिमणाबाई म्हणाल्या. “भिताय व्हय? पाय बगा, सरळ हायत माजं.”

आम्ही आत बसलो. घर स्वच्छ होते, चुलीपाशी एकच ताट, एकच तांब्या. वर्षाराणीने कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि मग चिमणाबाईंनी त्यांचे व मी माझे सांगितले, तेव्हा उलगडा झाला. त्या वर्षी चिमणाबाई गुडघ्याच्या औषधासाठी गारगोटीस भावाकडे गेल्या होत्या. तेथेच त्यांच्या चुलत जाऊ वारल्या. त्यांचेही नाव चिमणाबाई, आडनाव अर्थातच इंगवले. ‘गारगोटीत चिमणाबाई इंगवले वारल्या, पेठेत कळवावे’ असा निरोप आला. चिठ्ठीत गल्ली नव्हती. गल्लीशिवाय फळा अपुरा दिसतो, म्हणून ‘गल्ली क्रमांक तीन’ हे शब्द मी माझ्या मनाने घातले. रक्षाविसर्जन गारगोटीस असल्याने येथून कोणी गेले नाही. दोन महिन्यांनी त्या परत आल्या, तोवर फळ्यावर सात-आठ नावे येऊन पुसली गेली होती.

“आले त्या दिशी शेजारच्या इठाबाईच्या दारात उबी ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. “तिनं माज्याकडं बगितलं आन् दार लावलं. मला वाटलं, भांडाण हाय काय तरी. मग दूधवाला थांबंना. चक्कीवाला डबा हातात देईना, खाली ठेवी. हळदीकुंकवाचं तर आमा रांडाव बायकांना तसंबी कोण बोलवत न्हाय. कळायलाच चार म्हैनं गेलं की मी मेलीया.”

“मग तुम्ही बोलला का नाही आज्जी?” वर्षाराणीने विचारले.

“कुणाला? ऐकाय कोण थांबतंय? आन् खरं सांगू, गणपतीची वर्गणी मागाय कोण येत न्हाय, ह्ये बेस हाय.” त्या हसल्या. मग हसू तेथेच राहिले व डोळे माझ्याकडे वळले. “पिराजी, येकच हाय. खरंच मेले तर तू फळ्यावर लिवशील का रं? लोक म्हणतील, हिचं लिवून झालंय. येका माणसाचं नाव दोनदा कोण लिवतंय? मग मला न्हेयाला यायचं कोण?”

मी तेथून उठलो तो सरळ सरांकडे गेलो.

सरांनी सर्व ऐकून घेतले व दुसऱ्या दिवशी ते स्वतः गल्लीत फिरले. दूधवाला म्हणाला, “सर, मला वाटलं मलाच दिसती.” चक्कीवाला तेच म्हणाला. शेजारच्या विठाबाई पदर तोंडाला लावून तेच म्हणाल्या. चाळीस घरांनी तीन वर्षे त्यांना पाहिले होते आणि प्रत्येकाने ते आपल्यापुरते ठेवले होते. त्या दिवशी सरांनी वर्गात खडू हाती घेतला नाही. “मरणाची वेळ डॉक्टर सांगतो,” ते म्हणाले. “माणूस गेला की नाही, हे गल्ली ठरवते.”

चूक माझी होती, तेव्हा ती दुरुस्त करणेही माझेच कर्तव्य होते. मी खडू घेऊन फळ्याकडे निघालो, तो तालमीचे वस्ताद आण्णा आडवे आले.

“काय लिवणार हाईस?”

“चिमणाबाई हयात आहेत म्हणून.”

“डोस्कं फिरलं व्हय तुजं? त्यो फळा मेलेल्यांचा हाय. जित्या माणसाचं नाव घालून अपशकून करतोस?”

“नाव आधीच घातलंय आण्णा. तीन वर्षं झाली.”

आण्णांनी फळ्याकडे पाठ फिरवली. “लिव,” ते म्हणाले. “पर मी बगितलं न्हाय.”

मी लिहिले : ‘श्रीमती चिमणाबाई इंगवले, गल्ली क्रमांक तीन, ह्या हयात आहेत. सर्वांनी नोंद घ्यावी.’ वरती पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचे रंगवलेले ‘निधन वार्ता’ हे दोन शब्द मी फडक्याने पुसून पाहिले. ते निघाले नाहीत. माणसे वाचतील, असे मी मनाशी म्हटले.

परंतु फळा कोणी वाचत नाही. नाव पाहतात, गल्ली पाहतात आणि पुढे जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, कोण चिमणाबाईंशी बोलते ते पाहायला, मी, सर व मुले तिसऱ्या गल्लीत पोचलो. गल्ली माणसांनी भरली होती. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून ओढलेले पदर. रक्षाविसर्जनाला उभे राहतात तसे सर्व उभे होते, दाराकडे तोंड करून. दूधवाला होता, चक्कीवाला होता, आण्णा होते. कोणी बोलत नव्हते. कोणी विचारीतही नव्हते की हे कसे.

दार उघडले. चिमणाबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

“कोण गेलं वं?” त्यांनी विचारले.

कोणाची नजरही हटली नाही. मी पुढे होऊन ओरडणार होतो की अहो, नीट वाचा, त्या हयात आहेत. परंतु सरांनी माझा दंड घट्ट धरला. वर्षाराणीची वही मिटलेली होती.

आमच्याकडे रिवाज असा आहे की घरच्या माणसाने हात जोडल्याशिवाय जमलेली मंडळी हलत नाहीत. त्या घरात दुसरे माणूस नव्हते. ऊन भिंतीवरून खाली उतरले, टोप्यांवर आले, तरी मंडळी उभीच. एका म्हाताऱ्याने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली, पण तोही हलला नाही.

चिमणाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. पायरी उतरून त्या खाली आल्या आणि सर्वांसमोर दोन्ही हात जोडून मान लववली.

तेव्हा मंडळी हलली. एकेक जण हात जोडीत त्यांच्या पुढून गेला, आणि जाताना प्रत्येकाने तीन वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. विठाबाई सर्वांत शेवटी गेल्या.

गल्ली रिकामी झाली तरी त्यांचे हात जोडलेलेच होते.

“पिराजी,” त्या हळूच म्हणाल्या, “आली की रं सगळी.”