वाघबारशीची बंदी

“सगला लिवू नको गो पोरी. थोडा आपल्याजवल ठेव,” असं हौसाबाय सुनेला दोनदा बोलली होती. प्राजक्ता तेव्हा हसली. मांडीवर तान्ही, पुढ्यात स्पर्धेचा फॉर्म. सामूहिक रान उत्तम राखणाऱ्या पाड्याला सन्मान मिळणार होता, आणि भिवंडीच्या कॉलेजात शिकलेली पाड्यात ती एकटीच.

“आई, पयला नंबर पायजे ना? मंग सगलाच लिवाया लागल.”

“पायजे त. पन वाघोबाचा दिस त्येंच्या कागदाव कनाला?”

राखण कशी करता, असा प्रश्न होता. तिनं लिहिलं, दारात काठी उभी दिसली की त्या घराची पाळी. दिवसभर रानात फेरी, सांजेला काठी शेजारच्या दारी. अशी वीस वर्षं काठी फिरली, म्हणून खाली पडघ्यापर्यंत गोडाऊनं उठली तरी डोंगरावर साग उभे, आणि वैशाखातही झऱ्याला पाणी. शेवटी तिनं आणखी एक ओळ घातली. वाघबारशीला रान वाघोबाचं, त्या दिवशी पाड्यातलं कोणी आत पाऊल टाकत नाही. सगळ्या फॉर्मात तीच ओळ तिला देखणी वाटली होती.

पहिला नंबर आला. ढाल आली. फाट्यावर मोठी पाटी लागली, तिच्यावर रानाचा नकाशा आणि प्राजक्ताचा शब्दन् शब्द.

गेल्या आठवड्यात पडघ्याच्या बाजारात हौसाबाय काकड्या विकत होती. पिकअपमधून दोघं उतरले. “मौसी, इस साल बारस कब है?” दर्शनाला आले असतील, म्हणून तिनं वार सांगितला.

चार दिवसांनी सासरे जिव्याबाबा पाळीवरून आले ते उंबऱ्यावरच बसले. “सागांना चुन्याच्या खुना हायेत. चालीसपरत मोजल्या, मंग सोडून दिल्या.”

वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला, तर दिवाळीनंतर बघू म्हणाले. पाडा जमला. बारशीला मी आत जातो, असं जिव्याबाबांनी सगळ्यांपुढं सांगितलं.

तुळशीराम भगतानं मान हलवली. “बारशीला आत गेला त्येला वाघोबा बघल, जिव्या.”

“बघू दे. त्येचाच रान राखतो ना मी?”

आज बारस. बंदी म्हणून सकाळी काठी तुळशीरामच्या दारीच उभी हवी होती, ती जिव्याबाबांच्या खांद्यावर दिसली. “भाकरीच्या टायमाला येतो,” म्हणाले आणि नातीच्या गालाला बोट लावून गेले.

भाकरी टोपलीत वाळली. वर करवतीचं मशीन सुरू झालं, ते इथवर ऐकू आलं. मग एकदम बंद पडलं. पाखरूसुद्धा ओरडेना.

बाबांचा फोन नुसता वाजतोय. प्राजक्ताचा नवरा शैलेश गोडाऊनात, शिफ्ट सुटेपर्यंत त्याचा मोबाईल गेटवर जमा. सगळा पाडा सीमेवर वाघोबाच्या दगडाशी उभा आहे. कोणी पुढे सरकत नाही. प्राजक्तानं एक पाय उचलला, तर हौसाबायनं तिचा पदर धरला. सासू रडत होती, पण मूठ घट्ट.

“अंगावरचा पोर हाय तुला. नको गो.”

म्हणून प्राजक्ता आता तुम्हांलाच विनवतेय. फाट्यावर तिची ती पाटी आहे. पाटीमागून निघालेली वाट थेट झऱ्याशी, खुणा केलेल्या सागांत जाते. तुम्ही पाड्यातले नाही, तुम्हांला बारशीची बंदी नाही. तेवढं जाऊन बघा. “जिव्याबाबा” म्हणून हाक मारा, आणि ओ येईपर्यंत माघारी फिरू नका.