फळी सोडणारा हात

अशा जवळ सरका, मायबापहो. एका एवढ्याशा शब्दानं बापलेकीला कसं भंडावून सोडलं, त्याची गोष्ट ऐका.

चिमणी ही पन्नाशीची बाई, पण वडिलांच्या तोंडी चिमणीच. प्राचीन ग्रीक पोथ्या मराठीत आणायच्या हे तिचं काम, आणि छापायला देण्याआधी प्रत्येक पान वडिलांना वाचून दाखवायचं ही घरची रीत. त्या दुपारी शेवटचं पान उरलं होतं. गलबत फुटलंय, काळोख दाटलाय, आणि बुडणाऱ्या खलाशाकडे आपली फळी ढकलून ‘तिस’ लाटेखाली दिसेनासं होतं. ‘तिस’ म्हणजे कोणीतरी. बाई की पुरुष, तेही ग्रीक सांगत नाही.

हे पान चिमणीला बिघडवायचं नव्हतं. तिचे वडील लहान असताना त्यांची नाव उलटली, तेव्हा त्यांनाही असंच कुणीतरी काठाकडे ढकललं होतं. त्यांनी मागं वळून पाहिलं, तर नुसतं पाणी.

तिनं वाचलं, “एका शूर पुरुषानं फळी सोडली.”

“पुरुष? काळोखात तुझ्या ग्रीकाला मिशा दिसल्या वाटतं!”

“बरं, ‘कोणी एक’?”

“कोणी एक राजा होता, त्याला दोन राण्या! पुढचं सांग.”

“मग सरळ ‘कोणीतरी’?”

“ते तर बेल वाजली की म्हणतो आपण. बघ गं, कोणीतरी आलंय! इथं जीव दिलाय गं त्यानं... तिनं... जे कोण असेल त्यानं!”

म्हातारा स्वतःच अडकला. चिमणीनं कपाळाला हात लावला.

“बाबा, रोज देवापुढं सगळ्यांची नावं घेता. तुम्हाला वाचवलं त्याला काय म्हणता?”

“काही नाही.” ते चष्मा पुसत राहिले. “नावं संपली की हात तसेच जोडून गप्प बसतो. देवाला कळतं.”

“अहो, पण गप्प बसणं छापू कसं?”

“मला काय विचारतेस? शिकलीस तू!”

तेवढ्यात छापखानेवाले दारात. “ताई, यंत्र खोळंबलंय.”

तिनं ‘कोणीतरी’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वाक्य संपल्यावर खाली थोडी जागा कोरी सोडली.

“इथं काही राहिलं का?” छापखानेवाल्यांनी विचारलं.

“राहिलंय. राहू द्या.”

ते पान घेऊन डोकं खाजवत गेले.

“बरोबर झालं का गं?” वडिलांनी विचारलं.

“कुणास ठाऊक, बाबा.”

मायबापहो, आज देवापुढं आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा ती संपल्यावर लगेच उठू नका. क्षणभर थांबा, आणि त्या कुणाला तरी आठवा.