बिंबलांचा रस आणि दुधी काच

देवबागला बोअरिंगचं पाणी. नळांवर, टाइल्सवर क्षारांचा जाड पांढरा थर. शर्मिलाने पावडरी, तारेची घासणी, सगळं करून पाहिलं होतं.

नव्या धाकट्या जावेने, दीपिकाने, परसातली बिंबलां, ती लांबट हिरवी आंबट फळं, वाटीभर ठेचली, मीठ घातलं आणि त्या आंबट रसात भिजवलेलं फडकं न्हाणीघरातल्या नळाला गुंडाळलं. दोघी चहा पिऊन आल्या. फडकं काढून चोळताच थर सुटला.

"वैनी, तुमचा तोंड दिसता नळात!"

"बाय माझे, नाक केवढा मोठा दिसता गो!"

मग दोघींना चेवच चढला. तोटी झाली, शॉवर झाला, बादलीच्या कडेची पांढरी रेघसुद्धा गेली. दीपिका शॉवर हातात धरून गाऊ लागली, शर्मिला प्लॅस्टिकचा मग बडवून ताल धरू लागली. शेवटी राहिली न्हाणीघराची खिडकी. घर विकत घेतलं तेव्हापासून तिची काच दुधी होती. तिच्यावरही रस फासला, थोडं थांबून शर्मिलाने एक पट्टा पुसला. पलीकडे शेजारच्या राधाबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हात हलवला.

"अगो, काच दुधी नाय!" शर्मिला किंचाळली. "ह्यो सगळो क्षार!"

दोघी ओल्या फरशीवर बसून पोट धरधरून हसल्या. पडदा लावायचा, असं ठरवलं आणि हसण्याच्या नादात विसरल्या.

तिन्हीसांजेला शर्मिलाचा नवरा सुदेश बोटीवरून आला, दिवा लावून तडक आंघोळीला शिरला. जावा स्वयंपाकघरात होत्या. दीपिकाला एकदम आठवलं. तिने तोंड उघडलं, पण हसूच फुटलं. शर्मिलाने नुसता न्हाणीघराकडे हात केला आणि ओट्यावर डोकं टेकलं.

तेवढ्यात परसातून राधाबाईंचा खणखणीत आवाज आला, "सुदेशा, मानेर साबू रवलो रे!"

आत बादली आदळली. सुदेश टॉवेल गुंडाळून, फेसासकट बाहेर आला. "माझी काच खंय गेली?"

दोघी ओट्याला धरून हसतच राहिल्या. तो रागाने दोघींकडे बघत राहिला, मग त्याच्याही ओठांचे कोपरे हलू लागले आणि साबणाचा फेस जमिनीवर पडेपर्यंत तोही हसला. दीपिकाने धावत जाऊन खिडकीला चादर अडकवली.

थोड्या वेळाने राधाबाई रिकामी वाटी घेऊन दारात. "माका पण वायच रस दी गो. आमच्या न्हाणीतलो नळ पांढरो झालो हा. खिडकेक मात्र हात लावूचंय नाय हां!"