पिंजऱ्याचे वरचे जोड

"चांदभाई, ह्यो पिंजरा आत जायाचा कुठनं?" गोरखनं विचारलं, आणि राजुरीच्या रस्त्यावरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये चांदनं हातातला टेप खाली ठेवला.

प्रश्न रास्त होता. गोरखनं मुंबईहून एक जुनी, हिरवी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार आणली होती. ती उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत नळ्यांचा पिंजरा बसवायचा होता. रोल केज, असं तो म्हणायचा. पण चांदचा हात बसलेला जीपच्या हुडांवर, म्हणजे ताडपत्रीखालच्या सांगाड्यांवर. जीपला छत नसतं. सांगाडा बाहेर बनवायचा आणि चौघांनी उचलून वरून ठेवायचा. त्याच सवयीनं त्यानं हाही अंगणातच पुरा केला. देखणा झाला होता. फक्त गाडीला पत्र्याचं छत होतं आणि दार एवढंसं.

"छत कापा, राव," बाकड्यावरून जानकू म्हणाला. "नायतर गाडीच पिंजऱ्यात घाला."

"छताला हात लावायचा न्हाई," गोरख म्हणाला. "मूळचं हाय ते."

चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायला चांदनं मनातल्या मनात दोघातिघांना उभं करून पाहिलं, कुणीच बसेना. मग ग्राइंडर उचलून त्यानं स्वतःचाच पिंजरा जोडाजोडाला कापला.

तुकडे दारातून आत गेले, छताला जवळजवळ भिडले आणि नवीच अडचण निघाली. जोडांना खालून वेल्डिंग मारता येत होतं. छताकडच्या बाजूला वेल्डिंगचा रॉडच पोचेना.

"अर्धं मारलंस ना? बास की," जानकू म्हणाला. "वरनं कोण बघतंय, पाल?"

"तू बघतोस ना," चांद म्हणाला.

जानकू हसला नाही. मागं भीमाशंकरच्या रस्त्याला त्याची जीप उलटली, तेव्हा चांदनं केलेल्या हुडाचा सांगाडा पापडासारखा चपटला आणि जानकूचा पाय गेला. हुड ऊन-पावसासाठी असतो, उलटण्यासाठी नव्हे, हे चांदला गावानं सांगितलं, खुद्द जानकूनंही एकदा सांगितलं. चांदनं ते स्वतः कधी म्हटलं नाही. जानकू रोज येऊन बसायचा, फुकटचा चहा प्यायचा आणि कामात खोड्या काढायचा. त्या सांगाड्याचा विषय मात्र दोघंही टाळायचे.

"तळाला भोकं पाडतो," चांद गोरखला म्हणाला. "पिंजऱ्याचं पाय त्यातनं खाली सोडलं की वर रॉडला जागा होती. वरनं जोड पुरं मारायचं, मग जॅकनं उचलून पायाखाली जाड प्लेटा मारून भोकं बंद."

"माझ्या गाडीला भोकं?"

"अर्ध्या जोडाचा पिंजरा मी देणार न्हाई. न्यायची तर ने गाडी."

गोरखनं गाडीकडं पाहिलं. मग जानकूच्या दुमडलेल्या पायजम्याकडं. "पाडा," तो म्हणाला.

ठिणग्यांसाठी ओली पोती घेऊन आलेली चांदची बायको रहिमाबी त्याच्यावर करवादली, "घरचा पत्रा गळतोय त्याला येळ न्हाई, अन् लोकांच्या गाडीला भोकं पाडतोय!"

पिंजरा खाली उतरला. मागच्या काचेच्या रिकाम्या जागेतून चांद अर्धा आत शिरला. ठिणग्या कॉलरमध्ये गेल्या तरी मान हलली नाही. एक जोड मनासारखा आला नाही. तो घासून काढून पुन्हा मारला. गंज धरू नये म्हणून वरून रेड ऑक्साइडचा लाल रंग फासला. जॅक फिरला, पिंजरा चढला आणि वरचे सगळे जोड छताआड गेले.

गोरखनं पुढच्या नळीवरून हात फिरवला. "काय फिनिशिंग हाय!" त्या नळीला चांदनं काहीच केलं नव्हतं, ती नळ्या वाकवायच्या बेंडरमधून तशीच आली होती.

जानकू कुबडी टेकवून दारातून आत वाकला. छत आणि नळीमध्ये बोटभर फट होती. त्यानं बोट आत घातलं आणि जोडावरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं अडलं नाही.

"चहा सांग," तो बाकड्यावर बसत म्हणाला.

बोटाला ओला लाल रंग लागला होता. तो त्यानं पुसला नाही.