नऊ मीटरांच्या आत

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, जमीन मोजणारा. वाशीतल्या एका फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, रद्दी आणि मोडक्या छत्रीच्या मध्ये मी पडून असतो. हल्ली माझ्याकडे कोणाचे काम नसते, म्हणून मी विचार करतो. एकाच गोष्टीचा विचार मी गेली नऊ वर्षे करतो आहे आणि ती मला अजून नीट कळलेली नाही. तुमच्यापैकी कोणाला कळली तर मला सांगा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चिवट धाग्यात पितळेच्या बारीक तारा विणून माझी तीस मीटर लांबीची पट्टी तयार केली गेली. तिच्यावर पिवळा रंग चढला, काळे आकडे उमटले आणि मला चामड्याच्या गोल डबीत गुंडाळण्यात आले. डबीला बाहेरून पितळेची छोटी मूठ होती. ती फिरवली की मी सरसर आत जात असे.

१९७४ साली मी श्यामसुंदररावांच्या हाती आलो. ते मोजणीदार होते. खाडीच्या या काठावर नवे शहर वसायचे होते आणि त्याचे रस्ते आखणाऱ्या कचेरीत त्यांची नोकरी होती. आम्ही दोघांनी मिठागरांचे बांध मोजले, भातखाचरे मोजली, घणसोली गावातल्या अरुंद गल्ल्या मोजल्या. पहिली दोन वर्षे ते मला रोज फडक्याने पुसत आणि भिजलो तर बाल्कनीत वाळत घालत. पुढे काम वाढले आणि ही सवय सुटली. चिखल लागलेला, ओला, तसाच मी गुंडाळला जाऊ लागलो. वाऱ्यात झोल पडू नये म्हणून मला जोरात ताणले जाई. मी तक्रार केली नाही. टेपाने ताण सोसायचाच असतो, असे मला वाटे.

१९७७ साली नावड्याला एका बैलगाडीचे चाक माझ्या टोकावरून गेले आणि टोकाची कडी तुटली. श्यामसुंदररावांनी फाटलेला भाग दहा सेंटिमीटरच्या खुणेवर सरळ कापून टाकला. नव्या टेपासाठी अर्ज केला. नवा टेप आला नाही. तेव्हापासून माझी सुरुवात शून्याऐवजी दहापासून होऊ लागली. म्हणून जो आकडा वाचायचा त्यातून दहा सेंटिमीटर वजा करायचे, असा त्यांनी नियम केला.

हा नियम त्यांनी आपल्या मुलीलाही शिकवला होता. तिचे नाव नंदिनी. घरी पाहुणे आले की चिवड्याच्या बशा मांडून होताच ते हाक मारत, "नंदू, टेप आण गं!" मग ती पाहुण्यांच्या देखत दिवाणखान्याची लांबी मोजे, दहा वजा करी आणि तोंडी हिशोबाने मीटरचे फूट करून दाखवी. पाहुणे वा वा करीत. श्यामसुंदरराव मोठ्याने म्हणत, "वर्गात पहिली असते!" आणि तिची आई अरुणाताई आतून प्रगतिपुस्तक घेऊन येत. आईवडिलांना अभिमान वाटतो तो असा, हे मी तेव्हा पक्के ठरवून टाकले. तो मोठ्या आवाजात असतो, चारचौघांत असतो आणि त्यात काहीतरी पहिले आलेले असते.

मग १९७९ सालचा मे महिना आला. शिरवणे गावातला रस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्याच्या मधोमध खुंट्या ठोकल्या होत्या. खुंटीपासून नऊ मीटरांच्या आत घराचा जो भाग येईल तो पाडायचा, असा हुकूम होता. तीन आठवड्यांत आम्ही चाळीस घरे मोजली. एक्केचाळिसावे घर नामाचे होते. त्या दिवशी टेपाचे टोक धरणारा विलास लग्नाला गावी गेला होता, म्हणून सुट्टीत घरी असलेल्या नंदिनीला वडिलांनी बरोबर घेतले. ती अकरा वर्षांची होती.

नामा पूर्वी शेती करायचा. शेत रस्त्याखाली गेले होते, घर राहिले होते. पुढची भिंत त्याच्या वडिलांनी खाडीतले दगड वाहून आणून बांधली होती. बघायला निम्मी आळी जमली होती.

"सायेब, जरा सैल हातानं मोजा," नामा म्हणाला. "भिंत म्हातारी हाय, टेप बगूनच पडायची."

लोक हसले. श्यामसुंदररावही हसले. नंदिनीने माझे टोक खुंटीवर धरले. श्यामसुंदररावांनी मला भिंतीपर्यंत नेऊन ताणले आणि वाकून आकडा वाचला. वाचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग ते ताठ उभे राहिले.

"नऊ मीटर पाच सेंटिमीटर," ते म्हणाले. "सुटलास, नामा."

त्यांनी वहीत तसे लिहिलेही. नामाची बायको गोजरा हिने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात खुंटीकडून आवाज आला.

"बाबा, दहा वजा करायचे राहिले."

श्यामसुंदररावांची मूठ माझ्या डबीवर इतकी आवळली की चामडे दबले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी आधीचा आकडा खोडून नवा लिहिला.

"आठ मीटर पंच्याण्णव," ते हळू आवाजात म्हणाले. "पाच सेंटिमीटर आत आहे."

"चांगली शिकवलीस हो पोर!" गोजरा कडाडली. "बापाची चूक काढते नि आमची भिंत काढते!"

"गप गं," नामा म्हणाला. "तिनं काय खोटं सांगलं?"

पण तो नंदिनीकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

मी गोंधळलो. मुलीने अचूक वजाबाकी केली होती, तीही चारचौघांत. दिवाणखान्यात याच वजाबाकीला वा वा मिळायची. इथे कोणीच वा म्हणाले नाही.

संध्याकाळी घरी अरुणाताईंनी सगळे ऐकून घेतले आणि नंदिनीला म्हणाल्या, "कार्टे, चारचौघांत वडिलांची चूक काढतात का?"

"चूक नव्हती ती," श्यामसुंदरराव म्हणाले.

नंदिनीने मान वर केली.

"वजा करायला मी विसरलो नव्हतो. तसंच लिहायचं ठरवलं होतं."

"म्हणजे खोटं?"

"पाच सेंटिमीटर होते गं. चार बोटं. त्या चार बोटांसाठी अख्खी भिंत जाणार."

"मग मी बोलले ते चुकलं?"

"नाही."

"मग तुम्ही चुकलात?"

श्यामसुंदरराव उठून बाल्कनीत गेले. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या. "मला सांगता येत नाही, नंदू," ते म्हणाले.

ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने मला पिशवीतून काढले, मांडीवर घेतले आणि माझ्या पट्टीवरून बोट फिरवत बसली. माझे काही आकडे पुसट झाले होते, धागे मध्येच विरळ झाले होते.

"बाबा, हा टेप तरी बरोबर आहे का?"

"म्हणजे?"

"आपण याच्यानं सगळं मोजतो. याला कोणी मोजलंय?"

मित्रांनो, मला राग आला. मी पाच वर्षे शहर मोजले होते आणि एक सहावीतली मुलगी माझ्यावर शंका घेत होती!

कचेरीत एकच पोलादी टेप होता आणि तो साहेबांच्या कपाटात कुलपात असे. दुसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांनी तो मागून आणला. आमच्या घराच्या इमारतीतल्या लांब व्हरांड्यात त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी अंथरले. माझी दहाची खूण आणि त्याचा शून्य एका रेषेत ठेवले. शेजारची मुले लपंडाव थांबवून बघायला आली. नंदिनी गुडघ्यांवर रांगत एकेक मीटर तपासत निघाली. पहिल्या मीटरला फरक होता जेमतेम आठ मिलिमीटर. दुसऱ्याला सोळा. नऊ मीटरांपाशी पोचेपर्यंत मी पोलादी टेपाच्या सात सेंटिमीटर पुढे गेलो होतो.

ओढून ओढून मी लांबलो होतो. माझे आकडे एकमेकांपासून दूर सरकले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा मोठा झाला होता, म्हणून मी प्रत्येक अंतर कमी सांगत होतो. मी आठ मीटर पंच्याण्णव म्हणालो तेव्हा नामाची भिंत खरोखर नऊ मीटर दोन सेंटिमीटरांवर उभी होती.

"बाबा! भिंत बाहेर आहे! पाडायला नको!" नंदिनी ओरडली. श्यामसुंदररावांनी कपाळाला हात लावला आणि ते व्हरांड्यातच खाली बसले. त्यांना हसू येत होते की रडू, हे मला ठरवता आले नाही.

नंदिनी आनंदात तिथेच थांबली असती तर माझी गोष्ट सोपी झाली असती. पण तिने मोजणीची वही उघडली आणि पहिल्या घरापासून सगळे आकडे पुन्हा तपासायला घेतले. बरीच घरे कशीही मोजली तरी आतच होती, काही आधीपासूनच बाहेर होती. सतराव्या घरापाशी तिचे बोट थांबले.

"यशोदाबाई. ओटा. आठ मीटर शहाण्णव," तिने वाचले. मग पेन्सिलीने हिशोब केला. "खरे नऊ मीटर तीन. बाबा, या घराचं काय झालं?"

श्यामसुंदररावांनी सांगितले. यशोदाबाई एकट्या राहत. त्या ओट्यावर बसून त्या कोलंबी सोलत, जवळा वाळवत. नोटीस मिळाल्यावर सरकारी माणसांचा हात लागायला नको म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वीच तो ओटा स्वतः उकलला होता.

"त्यांना कोण सांगणार?" नंदिनीने विचारले.

"जे पाडलं ते पाडलं," अरुणाताई दारातून म्हणाल्या. "आता सांगून म्हातारीच्या जिवाला घोर कशाला? आणि ह्यांच्या नोकरीवर आलं म्हणजे?"

नंदिनी वाद घालायला लागली नाही. ती वडिलांकडे नुसती बघत राहिली. मग त्यांनी मला गुंडाळले, फार सावकाश, प्रत्येक मीटर फडक्याने पुसत.

सोमवारी त्यांनी कचेरीत सगळे लिहून दिले. साहेब खूप बोलले. लेखी खुलासा मागितला गेला, एक्केचाळीस घरे पोलादी टेपाने पुन्हा मोजायचा हुकूम निघाला. नामाची भिंत राहिली. आणि पुढच्या रविवारी श्यामसुंदरराव मला पिशवीत घालून, नंदिनीला बरोबर घेऊन यशोदाबाईंच्या दारी गेले.

दारापुढे उखडलेली माती होती. यशोदाबाई उंबऱ्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. श्यामसुंदररावांनी उभ्या उभ्याच सांगितले की टेप लांबला होता, ओटा हद्दीबाहेर होता, तो पाडायची गरज नव्हती आणि चूक त्यांची होती.

यशोदाबाईंनी सूप खाली ठेवले.

"आता सांगून माजा ओटा उबा रानार हाय का?"

"नाही."

"मंग कशाला आलास?"

नंदिनीच पुढे झाली. "आजी, दगड आहेत का तुमचे?"

"मागं रचलेत. टाकीन कशी? सासऱ्यानं घडवलेले हायत."

"मी बघून येऊ, किती आहेत?" असे म्हणून ती घरामागे पळाली. तिचा दगड मोजण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एक, दोन, तीन. यशोदाबाई तो आवाज ऐकत होत्या.

"पोर तुजी?" त्यांनी विचारले.

"हो," श्यामसुंदरराव म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "माझी आहे." त्यांचा आवाज दिवाणखान्यातला नव्हता. तो इतका हळू आणि जड होता की पिशवीतल्या मला तो जेमतेम ऐकू आला. "मोजायला मी शिकवलं. बाकीचं तिनं कुठून आणलं, मला ठाऊक नाही."

"शेजारून आनलं आसंल!" म्हातारी म्हणाली आणि तिला हसू फुटले. "आता नामाला बोलाव नि दगडाला हात लावा. त्याची भिंत वाचली, त्याला काय धाड भरली?"

नंदिनी मागून धावत आली. तिचे हात मातीने भरले होते. "बाबा, त्रेसष्ट आहेत!"

श्यामसुंदररावांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हात धू. आणि नामाला हाक मार, ऊन चढायच्या आत उरकू."

बस, एवढेच म्हणाले. दुपारपर्यंत ओटा अर्धा उभा राहिला.

मित्रांनो, त्यानंतर मला मोजणीवर कोणी नेले नाही. नंदिनी मोठी झाली. गेल्या महिन्यात ती पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला निघाली, तेव्हा कपाट आवरताना मी तिच्या हाती लागलो. तिने मला थोडेसे उलगडले आणि आईला म्हणाली, "आई, त्या दिवशी मी बाबांची सगळ्यांसमोर शोभा केली ना? कधी बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात राहिलं असणार."

यशोदाबाईंच्या दारी मी पिशवीत होतो, तिचे बाबा काय म्हणाले ते मी ऐकले होते, पण मला बोलता येत नाही. तिने मला पुन्हा गुंडाळून कप्प्यात ठेवले.

तुमच्या घरी एखादा टेप असेल तर त्याला पुसून, वाळवून ठेवा आणि वर्षातून एकदा चांगल्या मापाशेजारी अंथरून बघा. तो कुठे चुकतो ते तो स्वतः सांगू शकत नाही, कारण त्याला ते माहीत नसते. आईवडिलांचे मला इतके नक्की सांगता येणार नाही, माणसांचे मोजमाप मला जमत नाही. पण तुम्ही एखाद्या दिवशी खरे बोललात आणि घरी कोणीच वा म्हणाले नाही, तर गप्प बसू नका, त्यांना विचारा. आणि वाशीत श्यामसुंदरराव तुम्हाला कधी भेटले, तर त्यांना सांगा, की त्या रविवारी तुम्ही यशोदाबाईंशी बोललात तेव्हा नंदिनी घरामागे दगड मोजत होती. तिने काहीच ऐकलेले नाही.